मागच्या सीटचे पट्टे

मुनीरने ब्लेडने आमच्या गाडीचं मागचं सीटकव्हर चिरलं, आत हात घातला आणि दोन बकलं बाहेर ओढली. काळी, लाल बटणाची, नवी कोरी. एकावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. "हे बघा भाभी, पट्टे तर पहिल्यापासूनच हैत," तो म्हणाला. "कव्हर शिवताना मीच खाली दाबून टाकल्ते. बसणाऱ्याला टोचतेत म्हणून सगळेच दाबायला सांगतेत. मागं कोन लावतंय पट्टा?" मी त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसले होते. अंबड चौफुलीची धूळ तोंडावर येत होती आणि माझ्या मनात आलं की दोन वर्षं मी या बकलांवर बसत होते. बाजाराला, लग्नांना, मयतीला, माझ्या लेकीसाठी, बेबीसाठी, स्थळ बघायला बदनापूरला गेलो तेव्हाही. ती माझ्या मांडीखाली होती आणि मला ठाऊक नव्हतं. एवढ्याशा गोष्टीचं माणसाला वाईट वाटू नये, पण वाटलं. ते वाईट वाटणं कसलं हेही मला लगेच कळलं, कारण गेले आठ दिवस तेच चाललं होतं. मी जळत होते. अडीच वर्षांच्या एका पोरावर जळत होते, आणि त्याच्या खुर्चीवर.

ती खुर्ची माझ्या धाकट्या दिरांनी, साहेबरावांनी, अमेरिकेहून विमानातून आणली. पोराचं, निहारचं, जावळ काढायचं राहिलं होतं. तिसऱ्या वर्षात तरी देवीसमोर काढावं म्हणून तिघं महिनाभरासाठी जालन्याला आली. सात वर्षांनी माणूस घरी येतो तर भावाला काहीतरी आणतो, पुतणीला काहीतरी आणतो. यांनी आणली ती राखी रंगाची, पोरापेक्षा मोठी, पट्ट्यांनी भरलेली खुर्ची. गल्लीतल्या बाया ती बघायला आल्या. "पोराला बांधून टाकतेत म्हणं," शेजारची झुंबरबाई म्हणाली, आणि मीच पुढे होऊन म्हणाले, "कोंबडी डालावी तसं." सगळ्या हसल्या. माझी जाऊ रत्नमालाही हसली. तिचं हे हसणंच मला जास्त खुपलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान बरोबरीचं काहीतरी झालं असतं. पण तिला चिडायचं कारणच नव्हतं. तिने पोराला उचललं, खुर्चीत ठेवलं, दोन्ही खांद्यांवरून पट्टे आणले, छातीवरची प्लास्टिकची चिमटी लावली, खाली बकल दाबलं, आणि पट्ट्याला दोन बोटांनी चिमटा काढून पाहिला. बोटांत पट्टा येत नाही म्हणजे बरोबर बसलाय, ती म्हणाली. मग तिने दोन्ही हात झटकले आणि चहा घ्यायला बसली. तिचे हात मोकळे होते. पोर गाडीत घालायचं आणि आईचे हात मोकळे, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

माझे हात कसे होते ते सांगते. शहाऐंशी साली चैत्रात आम्ही औरंगाबादेहून एका लग्नाहून परत येत होतो. तेव्हा माझे यजमान एका बियाण्याच्या कंपनीचं काम करायचे आणि कंपनीची जीप त्यांच्याकडे असायची. काकासाहेब त्यांचं नाव. तोंडाने मी ते घेत नाही, पण लिहिताना घ्यायला हरकत नाही. पुढे ते आणि मी, मांडीवर दोन वर्षांची बेबीनंदा, मागे सासूबाई आणि लग्नातली भांडी. दुपारचे चार वाजले असतील. ऊन काचेतून सरळ मांडीवर यायचं, म्हणून मी पदर बेबीच्या डोक्यावर धरला होता. डावा हात तिच्या पोटाभोवती, उजव्या हाताने पदर. बदनापूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. पुढचं मला इतकं लख्ख आठवतं की अजून कधीकधी स्वयंपाक करताना हातातलं उलथणं थांबतं. माझा डावा हात तिथेच होता, पोटावर, घट्ट. आणि बेबी तिथे नव्हती. समोर धरायला एक लोखंडी दांडा होता, त्यावर तिचं कपाळ आपटलं. डाव्या भुवईपासून वर केसांपर्यंत फाटलं. आजही तिची ती पापणी अर्धी उतरलेली असते, झोप आल्यासारखी.

जीप थांबली तेव्हा मागून सासूबाई म्हणाल्या, "झोपली का काय गं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर काकासाहेब म्हणाले, "हिला डुलकी लागली." तीन शब्द. म्हशीचं नाव नाही, ब्रेकचं नाव नाही, आपल्या पायाचं तर नाहीच. मी पोरीच्या रक्ताने भिजलेला पदर धरून उभी होते, तिथे काय भांडणार? मला वाटलं घरी गेल्यावर म्हणतील, अगं तेव्हा घाईत बोललो. घरी गेल्यावरही तेच सांगितलं, मग माझ्या माहेरी तेच गेलं, आणि वर्षाच्या आत ते सगळ्या भावकीत पक्कं झालं. रागाने कुणी म्हणत नसे, तेच तर वाईट होतं. कीव करत म्हणत. रात्रीचं जागरण होतं बिचारीला, लागली डुलकी. मी सांगायची, मी जागी होते. लोक मान हलवायचे. जाग्या बाईच्या हातातून पोर कसं सुटेल, हे मलाच कुठे सांगता येत होतं? माझ्याजवळ नुसतं 'मी जागी होते' एवढंच होतं.

त्यानंतर माझ्या हातात कुणी तान्हं पोर दिलं नाही. तसं ठरवून कुणी केलं नसेल. पण बारशाला पाळण्याच्या वरून-खालून बाळ फिरवायचं असतं, पाच बाया लागतात, तर मी पाळण्याजवळ उभी असूनही माझ्या अलीकडची बाई बाळ माझ्या पलीकडच्या बाईला द्यायची. हात लांब करून, माझ्या पोटासमोरून. मी टाळ्या वाजवायची. दुसरं मूल मी होऊ दिलं नाही. ह्यांनी एकदा-दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. आणि तेव्हापासून मी चालत्या गाडीत डोळा मिटला नाही. एसटीत नाही, रेल्वेत नाही, मामाच्या मयतीला रात्रभर ट्रकमध्ये बसून गेलो तेव्हाही नाही. अठरा वर्षं. बाकी सगळे माना टाकून घोरत असतात आणि मी काचेबाहेर बाभळी मोजत बसते.

माझ्यावर विश्वास एकाच माणसाने ठेवला आणि ते म्हणजे बेबी. जिचं कपाळ फुटलं तीच. चौथीत असताना शाळेत कुणी पोरगी तिला म्हणाली, तुझी आई झोपली होती म्हणून तुझा डोळा असा झाला, तर बेबीने तिची वेणी ओढून तिला खाली पाडलं आणि म्हणाली, "माझी आई जागी होती. तिनं मला धरलं होतं." मास्तरांनी मला बोलावून घेतलं. मी मास्तरांसमोर बेबीला रागावले आणि रस्त्यात तिला जवळ घेऊन इतकी रडले की ती घाबरली. आता ती वीस वर्षांची आहे, डी.एड. करते. बघायला आलेल्या पाहुण्यांना स्वतःच सांगते, "डोळ्याला काही न्हाई झालेलं, समदं दिसतं, तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटनबी दिसून राह्यलंय." तीन स्थळं तशी गेली. मला तिची काळजी आहेच, पण खरं सांगायचं तर तिच्या लग्नाहूनही मी तिचं ते एक वाक्य जपून ठेवलं आहे. तिनं मला धरलं होतं. जगात एक माणूस तसं म्हणतं, तेवढ्यावर मी चालते.

मुनीरने बकलं मोकळी केल्यावर साहेबराव खुर्ची बसवायला तिथेच गाडीत शिरले, खुर्चीच्या पाठीमागून पट्टा ओवला, खुर्चीत गुडघा रोवून सगळा भार टाकला आणि पट्टा ओढला. मग खुर्चीला धरून हलवून पाहिलं. ती हलली नाही, गाडीच हलली. मुनीर म्हणाला, "क्या बात है." मी घरून एक छोटी गोधडी शिवून आणली होती. माझ्या जुन्या मऊ लुगड्याची, चार पदरी, कडेला हिरवा काठ. प्लास्टिक तापतं, पोराची पाठ भाजेल म्हणून. चार दुपारी बसून शिवली. रत्नमालेने ती हातात घेतली, गालाला लावली, आणि परत घडी केली. "ताई, किती छान शिवलीय. पण पट्ट्याखाली जाड काही चालत नाही हो. वरून घट्ट वाटतं आणि आत पोर सैल राहतं. घरी झोपताना घालीन." तिने ते इतक्या गोडीने सांगितलं की मला तोंड वाकडं करायलाही जागा उरली नाही. म्हणजे या खुर्चीत माझा हात तर नकोच होता, माझं लुगडंही नको होतं.

त्याच संध्याकाळी ओट्यावर बसल्या-बसल्या ती सहज म्हणाली, "तिकडे दवाखान्यातून बाळाला घरी न्यायचं तरी आधी खुर्ची आहे का बघतात. मांडीवर घेऊन जाऊच देत नाहीत. ब्रेक लागला ना ताई, की दहा किलोचं पोर दोन-तीन क्विंटलचं होतं क्षणभर. पैलवान असला तरी त्याच्या हातात राहत नाही." काकासाहेब तिथेच पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी श्वास धरून पाहिलं म्हणा ना. आता पेपर खाली येईल, आता ते माझ्याकडे बघतील, आता काहीतरी. ते म्हणाले, "बराबर है. फोर्सच तेवढा असतो," आणि पान उलटलं. बस. अठरा वर्षांचा माझा प्रश्न कुणीतरी चहाबरोबर सोडवून टाकला आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला रत्नमालेचा इतका मत्सर वाटला की मी उठून आत गेले आणि उगाच डबे पुसत बसले. हे तिला आयतं मिळालं होतं. तिला कुणी कधी विचारणारच नव्हतं, तू जागी होतीस का. तिच्या हातांची परीक्षाच होणार नव्हती. ती पैलवानाची गोष्ट हसत सांगू शकत होती आणि मी ती सांगितली असती तर लोक म्हणाले असते, घ्या, आता शास्त्र सांगायला लागली. आणि खरं म्हणजे माझा त्या गोष्टीवर विश्वासही बसत नव्हता. तोंडाने मी म्हणत होते माझी चूक नव्हती. पण आत कुठेतरी अठरा वर्षं लोकांचं ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं की लागली असेल. क्षणभर. ऊन होतं, जागरण होतं.

जावळाच्या दिवशी सकाळी निघालो. आमची देवी अंबडच्या पुढे अंतरवालीच्या अंगाला शेतात आहे, चार भिंती आणि पत्रा. आमच्या गाडीत पुढे काकासाहेब आणि साहेबराव, मागे डाव्या बाजूला खुर्चीत निहार, मधे मी, उजवीकडे रत्नमाला. मला मधे कुणी बसवलं नव्हतं, मीच बसले. बेबी मागून रत्नमालेच्या भावाच्या जीपमध्ये होती; कारभारी त्याचं नाव, आष्टीहून आला होता. पोराचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. भिवा न्हावी वस्तरा पाजळत बसला होता. कारभारीने मांडी घालून निहारला घेतलं, दोन्ही गुडघ्यांत त्याचे पाय दाबले, एका हाताने हनुवटी धरली. पोर कोकलायला लागलं. "धरा बराबर, मामा," भिवा म्हणाला, "हलला तर मला न्हाई बोलायचं." आणि बाया हसत होत्या, कारभारीच्या शर्टावर केस आणि लाळ पडत होती, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याला गावची पाटीलकी दिली आहे. मांडीचा मान. मी लांब उभी राहून पाहत होते. मला त्याचाही मत्सर वाटला. ज्याला-त्याला काहीतरी धरायला मिळत होतं.

परतताना तीन वाजले. पुरणाचं जेवण झालं होतं, गाडीत ऊन भरलेलं. रत्नमालेने निहारला खुर्चीत बसवलं, पट्टे ओढले, चिमटी, बकल, दोन बोटांचा चिमटा. त्याच्या नव्या गुळगुळीत डोक्याला हळद लावली होती. अंबड मागे पडलं आणि पाचव्या मिनिटाला पोर झोपलं. मान खुर्चीच्या कडेला टेकली. आणि मग माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी जड पडलं. रत्नमाला झोपली होती. तोंड थोडं उघडं, मंगळसूत्र एका बाजूला सरकलेलं, हात मांडीवर उताणे. चालत्या गाडीत, पोर दोन हातांवर असताना, भर दुपारी, बाई झोपली होती. मी तिच्याकडे पाहतच राहिले. तिला काही भीती नव्हती. तिच्याऐवजी ती खुर्ची जागी होती. मी जे अठरा वर्षांत एकदाही केलं नाही, जे केल्याचा माझ्यावर डाग आहे, ते ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून करत होती, आणि उद्या कुणी तिला एक शब्द म्हणणार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचा खांदा हलवून म्हणावंसं वाटलं, ऊठ. तुला काय अधिकार आहे.

मी स्वतःला सांगितलं, पोराला उकडतंय. त्याच्या मानेवर केसांचे बारीक तुकडे चिकटले होते, पट्ट्याखाली घाम होता. हे खरंच होतं, पण मी त्यासाठी केलं नाही. खोटं कशाला लिहू? मी आधी छातीवरची चिमटी काढली. मग लाल बटणावर अंगठा ठेवला. ते कडक असतं, पोरांना दाबता येऊ नये म्हणून. मी भार दिला तेव्हा ते सुटलं, आणि त्याचा आवाज गाडीच्या आवाजात गेला. पट्टे खांद्यांवरून बाजूला केले. मग माझा डावा हात त्याच्या पोटाभोवती घातला. गरम, मऊ पोट, पुरणाने फुगलेलं. ते श्वासाबरोबर माझ्या हातावर वर-खाली व्हायला लागलं. बेबीनंतर असं पोट माझ्या हाताखाली आलं नव्हतं. मला त्याचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं, हे मी देवीसमोर सांगेन. मला फक्त धरायचं होतं. घरी पोचेपर्यंत, वीस मिनिटं, जागेपणी, डोळे उघडे ठेवून. चौफुली आली की परत लावणार होते, कुणाला कळलंही नसतं. मी खुर्चीला हरवणार होते. माझ्या मनात नेमके हेच शब्द होते, आणि मी इतकी जागी होते की रस्त्याकडेच्या एकेका बाभळीवरचे बगळे मला वेगवेगळे दिसत होते.

गोलापांगरीच्या अलीकडे शेतातल्या वाटेने मोसंबीची ट्रॉली सरळ रस्त्यावर आली. ती मला ह्यांच्याही आधी दिसली. मी हात आवळला, पूर्ण आवळला, बोटं त्याच्या बरगडीत रुतली असतील इतका. मग ब्रेक लागला. निहार माझ्या हातातून गेला. गेला म्हणजे कसा, ते सांगता येत नाही. ओल्या हातातून साबण जातो तसा नाही, कारण साबण निसटताना कळतो. माझा हात होता आणि पोर नव्हतं. माझं मनगट मागे वाकलं आणि काहीतरी तुटल्यासारखं झालं. तो पुढच्या सीटच्या पाठीवर तोंडाने आदळला आणि खाली पायांत पडला. खुर्ची जागची हलली नाही.

गाडी थांबली. ट्रॉली पुढे निघूनही गेली. निहार इतक्या जोरात रडला की तो ठीक आहे हे आधी त्यावरूनच कळलं. ओठ फाटला होता, वरचा एक दात हलत होता, बनियनवर रक्त. नाक, डोळे, डोकं सगळं धड. रत्नमाला दचकून उठली आणि तिने त्याला खालून ओढून छातीशी घेतलं, आणि सगळे खाली उतरून रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या सावलीत गेले. मीही उतरले, हात पोटाशी धरून. मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला हलकं वाटलं. त्या पोराचं रक्त अजून थांबलं नव्हतं आणि मला हलकं वाटत होतं. मी जागी होते, मी पाहिलं होतं, मी सगळा जीव एकवटून धरलं होतं, आणि पोर गेलं. म्हणजे तेव्हाही असंच झालं. मला डुलकी लागली नव्हती. कुठल्याच बाईला धरता आलं नसतं. अठरा वर्षांनी माझं मलाच पटलं होतं, मनगटाच्या त्या ठणक्यासकट पटलं होतं, आणि मला वाटलं आता हे बेबीला सांगायचं.

साहेबराव गाडीत डोकावून परत आले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "बकल उघडं आहे," ते रत्नमालेला म्हणाले. "चिमटी पण. तू लावलंच नव्हतंस?" रत्नमाला म्हणाली, "लावलं होतं." "मग उघडलं कसं? आपोआप उघडतं का ते?" ती पोराचा ओठ पदराने दाबून धरत होती. "लावलं होतं हो," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटतं लावलं होतं." मी पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर शंका कशी चढते ते मी डोळ्यांनी पाहिलं. एवढ्यात मागून जीप आली, बेबी आणि कारभारी धावत आले, काय झालं, काय झालं. आणि काकासाहेब, ज्यांनी ब्रेक दाबला होता ते, घाम पुसत म्हणाले, "झोपल्या होत्या त्या. लागली असंल डुलकी, पट्ट्याचं ध्यान राह्यलं न्हाई."

कारभारीने बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नुसतं तेवढंच. मला ती मान ओळखीची होती. आता ही गोष्ट आष्टीला जाईल, तिथून सगळीकडे जाईल, कीव करत जाईल, आणि रत्नमाला अमेरिकेत गेली तरी तिच्याबरोबर जाईल. ती अजून आठवायचा प्रयत्न करत होती. दोन बोटं हवेत चिमटा काढत होती. मी गप्प राहिले असते तर माझं काही गेलं नसतं. उलट, खोटं कशाला, एक क्षण मला बरंही वाटलं: घे, आता तूही घे. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती आता माझ्या शेजारी येऊन उभी होती, माझ्याच जागेवर. आणि ती जागा कशी आहे हे त्या सगळ्या माणसांत फक्त मला माहीत होतं.

"तिनं लावलं होतं," मी म्हणाले. "मी काढलं. ती झोपल्यावर. बटन दाबून काढलं."

कुणाला कळलं नाही. साहेबराव म्हणाले, "वहिनी, चुकून लागला का हात?" तेही चाललं असतं, हो म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी म्हणाले, "न्हाई. मुद्दाम. मला धरून बघायचं होतं." रत्नमाला माझ्याकडे पाहत होती. मग तिने पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या खांद्यावर, आणि दोन पावलं मागे सरकली. काकासाहेब म्हणाले, "काय बोलून राह्यली तू, समजतं का?" मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मी बेबीकडे पाहत होते. ती ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून कपाळावर हात धरून उभी होती आणि हाताखाली तिची ती पापणी अर्धी उतरलेली होती. ती विचार करत होती. पोर असल्यापासून ती विचार करायला लागली की मला दिसतं.

"आई," ती म्हणाली, "मंग माझ्या वक्ताला?"

"तव्हा मी जागी होते बेबी. धरलं होतं मी तुला. घट्ट धरलं होतं."

"आजबी जागीच होतीस ना," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती. मी तिला सांगणार होते की आज मला कळलं, जाग्या हातातूनही जातं, कितीही घट्ट धरलं तरी जातं, आजच कळलं. पण ते मला कसं कळलं हेही त्यातच होतं. मी सुजलेलं मनगट पुढे केलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. तिने ते पाहिलं. मग ती रत्नमालेकडे गेली, निहारला आपल्याकडे घेतलं, आणि त्याला घेऊन जीपमध्ये पुढे न बसता मागे बसली.